प्रशिक्षकाला काढले आणि गाडी सुरू होईना

माझ्या नोकरीतल्या मोठ्या केसेसचे तपशील आता कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाहीत. ही केस मात्र काल घडल्यासारखी डोळ्यांसमोर आहे, आणि तिच्यात खून नव्हता की दरोडा नव्हता. एका बाईची गाडी तीन वेळा सुरू झाली नाही, एवढाच गुन्हा.

मी कॅल्गरीत चोवीस वर्षे पोलिसात होते, त्यांतली शेवटची अकरा डिटेक्टिव्ह म्हणून. त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस आमच्या हद्दीतल्या एका कॉलेजने फुटबॉलच्या प्रशिक्षकाला काढून टाकले. चेंडू हातात घेऊन धावायचा, तो इकडचा फुटबॉल. प्रशिक्षक एकोणीस वर्षे तिथे होता. संघ बरा खेळत होता. कॉलेजने कारण दिले नाही, आणि लोक खवळले. सह्यांची मोहीम निघाली, मैदानाच्या कुंपणावर फलक लागले. क्रीडा विभागाच्या संचालिकेला रोज शिव्यांची पत्रे येऊ लागली, कारण काढल्याच्या पत्रावर सही तिची होती.

शिव्यांची तक्रार तिने कधीच केली नाही. ती पोलीस स्टेशनला आली ती गाडीसाठी. इकडे कडाक्याच्या थंडीत इंजिन गोठू नये म्हणून गाडीतच हीटर असतो. बोनेटच्या पुढे त्याचा प्लग लोंबतो आणि पार्किंगमध्ये खांबांवर सॉकेट असतात. सकाळी एक्स्टेन्शन वायर जोडायची, संध्याकाळी काढायची. तिची वायर कोणीतरी दिवसा काढून ठेवत होते. तिसऱ्या वेळी उणे एकतीस तापमान होते. गाडीने दाद दिली नाही, टॅक्सी दीड तासाने आली आणि तिच्या वडिलांची डायलिसिसची वेळ चुकली. दुसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली म्हणून इमर्जन्सीत न्यावे लागले.

जबाब देताना ती रडली नाही. म्हणाली, “आज प्लग काढतोय, उद्या ब्रेकला हात घालेल. माझ्या गाडीत वडील असतात. ख्रिसमसपर्यंत माणूस सापडला नाही तर मी राजीनामा देऊन त्यांना घेऊन निघून जाणार.”

आमच्या हातात अठरा दिवस होते.

पहिला आठवडा मी वाया घालवला, हे कबूल करते. एका कॉन्स्टेबलला घेऊन सगळी पत्रे वाचली, त्यांतली सात धमकीची निघाली, आणि त्या सातही जणांच्या दारात गेले. सगळ्यात भयंकर पत्र, म्हणजे घर जाळण्याचे, एका दंतवैद्याचे होते. त्याने ॲप्रन घालून दार उघडले, हातात बिस्किटांचा ट्रे होता. मी बॅज दाखवला. बायकोने आतून विचारले, “कोण आलंय?” तर म्हणाला, “सर्व्हे.” इतक्या वर्षांच्या अनुभवाने सांगते, जो लिहून ओरडतो तो बहुतेक वेळा तेवढ्यावरच थांबतो. पण त्याला तपासल्याशिवाय सोडता येत नाही.

सीसीटीव्हीचाही उपयोग झाला नाही. एक कॅमेरा फाटकावर होता, आणि तिच्या खांबापुढे बर्फाचा ढिगारा होता. शिवाय उणे तीसला सगळ्या शहराने तोंड झाकलेले असते. संशयित कोणाला म्हणायचे?

धागा दिला पार्किंगच्या सुरक्षारक्षकाने. ते पन्नाशीचे पंजाबी गृहस्थ होते. मी त्यांच्याशी हिंदीत बोलले तसे ते खुलले. तिन्ही वेळा वायर त्यांनीच पाहिली होती. खांबावरच्या हुकाला ती व्यवस्थित गुंडाळून टांगलेली होती. “मॅडमजी,” ते म्हणाले, “गुस्सेवाला आदमी तार काटता है. लपेटता नहीं.” त्यांनी कौतुक वाटून एकदा तिचा फोटोही काढला होता. तो त्यांच्या मोबाइलमध्ये होता आणि तोवर कोणी त्यांना विचारलेच नव्हते.

फोटो नीट पाहिला. सगळी वेटोळी सारख्या मापाची. शेवटचे टोक मध्यावर तीन वेळा फिरवून प्लग आत खोचलेला. घरी वायर गुंडाळणारी माणसे असे करत नाहीत, निदान आमच्या घरी तरी नाही. हे रोज केबल हाताळणाऱ्याचे काम होते. मी हवामानाची नोंदही काढली. उणे दहाच्या दिवशी त्याने गाडीला हात लावलेला नव्हता. वायर काढली होती ती फक्त उणे पंचवीसच्या खाली. म्हणजे इंजिन कधी गोठते हे त्याला ठाऊक होते.

मी थेट स्टेडियमच्या सामानाच्या खोलीत गेले. भिंतीवर तीस-चाळीस केबल टांगलेल्या, सगळ्या त्याच पद्धतीने. तिथल्या व्यवस्थापकाला विचारले, हे कोण करते? तो हसायला लागला. एक वयस्कर स्वयंसेवक आहेत, म्हणाला, दुसऱ्याने गुंडाळलेली केबलही सोडवून पुन्हा गुंडाळतात. त्याने नाव सांगितले. नाव मराठी होते. गणपतीच्या कार्यक्रमात मी त्यांना लांबून पाहिले होते.

सार्जंटला ते लगेच सांगितले, कारण ओळखीच्या माणसाची चौकशी करू नये हा नियम आहे. त्याने विचारले, “त्यांच्या घरी जेवली आहेस?” मी नाही म्हटले. “मग जा,” तो म्हणाला.

काका पंच्याहत्तरीचे होते. तेल कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर, मूळचे नागपूरचे. बोलावल्याबरोबर स्वतः गाडी चालवत आले. मी त्यांना हक्क सांगितले. वकील बोलावता येईल, सगळे व्हिडिओवर रेकॉर्ड होत आहे, बोलण्याची सक्ती नाही. ते म्हणाले, “वकील कशाला? मी काय पळून चाललोय का? तू मूळची कुठली?”

“नाशिकची.”

“माहेर की सासर?”

“काका, प्रश्न मी विचारायचे असतात.”

“मग विचार की. मी कुठे अडवलंय?”

मी माझ्या गॅरेजमधली एक वायर सोबत नेली होती. आमच्याकडे वर्षभर गुंता होऊन पडलेली. ती टेबलावर टाकली आणि तिच्याबद्दल काही बोलले नाही. मैदानावर कधीपासून येता, एवढेच विचारले. काका रंगात आले. पूर्वी प्रशिक्षकाच्या कानावरच्या हेडफोनला लांब केबल असायची. तो मैदानाच्या कडेने धावायचा तेव्हा केबल पायात येऊ नये म्हणून मागे एक माणूस लागायचा. तो माणूस म्हणजे काका. पुढे बिनतारी यंत्रे आली तरी ते तिथेच राहिले. “त्याच्यामागे मी जेवढा धावलोय ना, तेवढा कधी पोरांमागेही धावलो नाही,” ते म्हणाले.

बोलता बोलता त्यांच्या हातांनी माझी वायर उचलली होती. गाठी सुटल्या, सारखी वेटोळी पडली. टोक मध्यावर तीन वेळा फिरले, प्लग आत गेला. “घरी वायर अशी ठेवतेस? कठीण आहे तुझं,” असे म्हणून त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली. मी तिच्या शेजारी सुरक्षारक्षकाने काढलेला फोटो ठेवला.

काकांनी दोन्हींकडे पाहिले. मग चष्मा काढून पुसला आणि सांगू लागले. ज्या दिवशी प्रशिक्षकाला काढले, त्याच दुपारी कॉलेजने दिलेल्या गाडीच्या किल्ल्याही त्याच्याकडून घेतल्या. काकांनी त्याला ट्रेनच्या थांब्यावर पाहिले. हातात खोके, पायात ऑफिसचे बूट. “मी गाडी वळवून येईपर्यंत ट्रेन निघून गेली. एकोणीस वर्षं काम केलेल्या माणसाला घरी सोडायला कोणी नाही? म्हटलं, बाईंनाही उभं राहू दे तिथे. एवढंच.”

“मग वायर गुंडाळून का ठेवायचात?”

“वायरनं काय केलंय? बर्फात टाकली की तडकते.”

तेव्हा मी त्यांना संचालिकेच्या वडिलांबद्दल सांगितले. डायलिसिस, दीड तास टॅक्सी नाही, इमर्जन्सी. आवाज न चढवता, क्रमाने. काकांचा चेहरा उतरला. “थांबा दहा मिनिटांवर आहे, बाई ट्रेननं जातील. मी ते धरून चाललो होतो. म्हातारा माणूस असेल, हे मी हिशेबातच घेतलं नाही,” ते म्हणाले. मग विचारले, “कसे आहेत ते?”

चौकशीच्या खोलीत बहुतेक लोक पहिल्यांदा विचारतात, माझे आता काय होणार? काकांनी तो प्रश्न दुसरा विचारला. मी दोन्हींची उत्तरे दिली. वडील घरी आले होते. आणि काकांवर दुसऱ्याच्या मालमत्तेच्या वापरात अडथळा आणल्याचा गुन्हा नोंदवला जाणार होता.

वय, आधी काही गुन्हा नसणे आणि दिलेली कबुली पाहून सरकारी वकिलाने खटल्याऐवजी दुसरा मार्ग मान्य केला. समाजसेवेचे तास, वर्षभर मैदानावर बंदी, आणि संचालिकेची तयारी असेल तर समोरासमोर माफी. ती तयार झाली. ख्रिसमसला तेव्हा चार दिवस उरले होते.

बैठकीत आम्ही चौघे होतो. ती दोघे, एक मध्यस्थ आणि मी. काकांनी उभे राहून माफी मागितली आणि आढेवेढे घेतले नाहीत. मग त्यांना राहवले नाही. त्यांनी विचारलेच की त्याला का काढले. मध्यस्थ थांबवायला लागला, पण संचालिकेने हात वर केला.

“मला सांगता येत नाही, कायद्याने मी बांधलेली आहे,” ती म्हणाली. “त्याला सांगता येतं. तुम्ही त्याला विचारलंत?”

काकांनी नकारार्थी मान हलवली.

“त्याला फोन तरी केलात?”

नव्हता केला. तो प्रशिक्षक आहे, त्याला कसे विचारायचे, असे काहीतरी ते पुटपुटले. ती म्हणाली, “माझ्याकडे नऊशे पत्रं आली. त्याच्याशी परवा बोलले तेव्हा त्याने सांगितलं, त्याला फोन आले चार.”

तिने राजीनामा दिला नाही. गाडी पुन्हा बंद पडली नाही.

एप्रिलमध्ये काका मला इंडियन ग्रोसरीत भेटले. भेंड्या निवडत होते. मला पाहून म्हणाले, “फोन केला गं. त्याच आठवड्यात केला. घरीही जाऊन आलो.”

“मग?”

“सगळं सांगितलं त्यानं. तुला नाही सांगणार.”

“नका सांगू.”

दोन भेंड्या मोडून पाहत ते म्हणाले, “पण मी तिच्या जागी असतो ना, तर तीन वर्षं आधीच काढला असता.” आणि मग खुशाल पुढे सांगू लागले की दर शनिवारी ते दोघे कॉफीला जातात आणि नव्या प्रशिक्षकाच्या चुका काढतात.

या केसने मला एक प्रश्न दिला. पुढच्या वर्षांत माझ्यासमोर असे बरेच लोक आले, कोणाच्या तरी वतीने रागावलेले. शेजाऱ्यासाठी, भावासाठी, काढून टाकलेल्या साहेबासाठी. जबाबाच्या सुरुवातीलाच मी विचारायचे, ज्याच्यासाठी हे केलंत, त्याला आधी फोन केला होता का? बहुतेकांनी केलेला नसायचा. ज्यांनी केलेला असायचा, ते माझ्यासमोरच्या खुर्चीत सहसा यायचेच नाहीत.