चालक पसार

पप्पांच्या अपघाताची बातमी मी वाचली आणि बोटाने वर सरकवून पुढच्या बातमीवर गेले. ती त्यांची आहे हे कळायला काही मार्गच नव्हता, कारण नाव कुणाचंच नव्हतं, 'ट्रेलरचालक' एवढाच शब्द होता. कळंबोलीजवळच्या सर्व्हिस रोडवर सकाळी ट्रेलरच्या मागच्या चाकाखाली दुचाकीस्वार सापडला, प्रकृती गंभीर, आणि शेवटी नेहमीची ओळ: जखमीला तसेच सोडून चालक पसार झाला असून पोलीस त्याचा शोध घेत आहेत. मी कॉलेजच्या कँटीनमध्ये वडापाव खात बसले होते. वर्गात सांगायला एखादी बातमी शोधत होते, आणि ही काही सांगण्यासारखी नव्हती.

आमच्या सरांचा तसा नियमच होता. लेक्चर सुरू होण्याआधी कुणालाही उठवायचे आणि आजची एक बातमी सांग म्हणायचे, शिवाय तीच का निवडली तेही. पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला येईपर्यंत मला त्याची इतकी सवय झाली होती की खांदेश्वरच्या आमच्या बिल्डिंगमधून बाहेर पडल्यापासून माझी मान खालीच असायची. ई-पेपर, न्यूज ॲप, नवी मुंबईच्या बातम्या टाकणारी इंस्टाची पेजेस, दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुप. जवळ घडलेलं ते महत्त्वाचं, असं आम्हाला शिकवलं होतं. पण अपघात म्हटला की आम्ही सगळे आधी आकडा बघायचो. एक जखमी म्हणजे काहीच नाही. हे कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून अंगवळणी पडलं होतं. माणूस कोडगा होत जातो आणि आम्ही त्याला अभ्यास म्हणायचो.

त्या दिवशी माझा नंबर लागलाच नाही. लेक्चर सुरू व्हायच्या आत आईचा फोन आला. पप्पांच्या गाडीखाली माणूस आलाय, पप्पा पनवेलच्या दवाखान्यात आहेत, त्यांनाही लोकांनी मारलंय, एवढंच ती बोलली. रिक्षात बसल्यावर मी सवयीने फोन उघडला आणि मगाची बातमी शोधून पुन्हा वाचली. या वेळी शेवटच्या ओळीपाशी थांबले. पसार झालेला माणूस दवाखान्यात कसा, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला.

पप्पा कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून पोलादी पत्र्याच्या कॉइल भरून ट्रेलर चालवतात. साताऱ्याकडचं गाव सोडून आले तेव्हापासून गाडीवरच आहेत. मी गेले तेव्हा ते कॅज्युअल्टीच्या बाहेर बाकड्यावर बसले होते. ओठ सुजलेला, शर्टाचा खिसा फाटलेला, आणि पुढून सगळा शर्ट रक्ताने भरलेला. ते रक्त त्यांचं नव्हतं. मला बघून त्यांनी आधी विचारलं, आज कॉलेज नव्हतं का.

मग हळूहळू सगळं सांगितलं. वळण घेताना मोटरसायकल डाव्या बाजूने आत घुसली, आरशात दिसली तोवर उशीर झाला होता. ते खाली उतरले, त्याबरोबर लोकांनी धरून मारायला सुरुवात केली. एक रिक्षावाला मधे पडला आणि म्हणाला, याला नंतर मारा, आधी त्याला उचला. उचलायला पुढे आले ते रिक्षावाला आणि पप्पा, दोघंच. मारायला हात भरपूर होते. रिक्षात त्या माणसाचं डोकं पप्पांच्या मांडीवर होतं आणि त्याने त्यांचा शर्ट मुठीत धरला होता. दवाखाना येईपर्यंत तो एकच विचारत राहिला, माझी गाडी कुणी बाजूला घेतली का, नवी आहे. पप्पा दर वेळी सांगत राहिले, घेतली, घेतली. घेतली कुणीच नव्हती.

पोलीस दवाखान्यातच आले. पप्पांनी जबाब तिथेच दिला, लायसन काढून दिलं, पुढे रीतसर अटक आणि जामीन झाला. म्हणजे ज्या वेळी माझ्या फोनवर पोलीस चालकाचा शोध घेत होते, त्या वेळी ते त्याच्यासमोर उभे राहून त्याचा पत्ता लिहून घेत होते. मला हसू आलं. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी एकटीच हसले, आणि मग तिथेच रडले.

दोन दिवसांनी तो माणूस गेला.

त्यानंतर पप्पा घरात नुसते बसून असायचे. केसचं काय व्हायचं ते होईल, चूक कुणाची ते कोर्ट ठरवेल, त्याबद्दल ते बोलतच नव्हते. त्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. त्या माणसाच्या घरच्यांना भेटायचं होतं. ट्रेलरच्या मालकाने ओळखीतल्या एकाकडून विचारून पाहिलं तर निरोप आला की आमच्या माणसाला रस्त्यावर टाकून जो पळाला, त्याचं तोंड आम्हाला बघायचं नाही. हे कुणी सांगितलं त्यांना, असं पप्पांनी विचारलं. मला उत्तर माहीत होतं. ती बातमी कळंबोली-तळोज्याच्या सगळ्या ग्रुपवर फिरत होती, आणि तिच्याखाली लोकांनी जे लिहिलं होतं ते मी पप्पांना दाखवलं नाही.

"मला माफ करा म्हणून न्हाय जायचं," ते आईला म्हणाले. "त्यो एकटा न्हवता शेवटी, एवढं त्यांला कळाया पायजे. त्याच्या आयला वाटत असंल, पोरगं रस्त्यावर तळमळत पडलं आन् कुणीबी न्हवतं. तसं न्हवतं. मी हुतो."

मला वाटलं, हे तर माझंच काम आहे. चुकीची बातमी दुरुस्त करून घ्यायची. आमच्या पुस्तकात त्यावर एक धडा होता.

मी सगळ्या बातम्या शोधून काढल्या. जिथे जिथे अपघात आला होता तिथे ती शेवटची ओळ शब्दाला शब्द तीच होती. एका पेजला फोन केला तर त्यांनी बातमीच काढून टाकली आणि मला मेसेज पाठवला, डिलीट केली, खूश? बातमी दिसेनाशी झाली, पण वाचणाऱ्यांच्या डोक्यातून कशी जाणार. दुसऱ्यांनी मेल करायला सांगितला. मेलचं उत्तर कधी आलं नाही. शेवटी विचारत विचारत मी त्या बातमीदारापर्यंत पोचले, ज्याने ती सगळ्यात आधी बातमीदारांच्या ग्रुपवर टाकली होती.

तो कळंबोलीतच एका चहाच्या टपरीवर भेटला. माझ्यापेक्षा फार मोठा नसेल, थकलेला दिसत होता, आणि माणूस वाईट नव्हता. मी तावातावाने विचारलं, चालक पळाला हे तुम्हाला कुणी सांगितलं. त्याने सरळ फोन काढून मला दाखवला. अपघाताची बातमी त्याच्याकडे तयारच होती, मधल्या जागा मोकळ्या. ठिकाण घालायचं, गाडी घालायची, मयत की जखमी ते घालायचं. चालक पसार ही ओळ त्या साच्यातच होती.

"मॅडम, आमी दिवसाला कितीतरी टाकतो," तो म्हणाला. "आणि ड्रायवर पळतातच ना. नाय पळाले तर पब्लिक मारते."

हे मला खोडून काढता आलं नाही. मीही तसल्या कितीतरी ओळी वाचल्या होत्या आणि एकदाही थांबून विचारलं नव्हतं की पसार झालेला हा माणूस गेला कुठे. म्हणजे ही ओळ खोटी नव्हती, तशी खरीही नव्हती. ती तिथे असायचीच, म्हणून होती. एखाद्याने कुणाचं वाईट करायचं म्हणून खोटं लिहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. भांडायला समोर कुणीतरी असतं.

त्याने मदत करायची तयारी मात्र दाखवली. म्हणाला, आपण नवीन स्टोरी करू, पॉझिटिव्ह. मार खाऊनसुद्धा जखमीला दवाखान्यात नेणारा चालक ठरला देवदूत. पप्पांचा आणि रिक्षावाल्याचा फोटो पाहिजे, जमलं तर एक छोटा व्हिडिओ, त्याच जागेवर उभं राहून. हे भरपूर चालेल, तो म्हणाला, आणि तो थट्टा करत नव्हता. मी घरी येऊन पप्पांना सांगितलं. खरं सांगायचं तर मला मोह झाला होता.

पप्पा म्हणाले, "मानूस मेलाय पोरी. माझ्या चाकाखाली मेलाय. मी देवदूत कसला?"

पसार आणि देवदूत यांच्या मधल्या माणसासाठी त्या फोनमध्ये साचा नव्हता. मी सरांकडे गेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या ओळखीच्या एका पेपरात शब्द टाकला, तिथेही ती बातमी आली होती. मीच चार ओळींचा मजकूर लिहून दिला, एकही विशेषण न वापरता. आठवड्याभराने आतल्या पानावर, कोपऱ्यात खुलासा छापून आला. संबंधित चालक पसार झाला नव्हता, त्यानेच जखमीला रुग्णालयात दाखल केले, असा दावा त्याच्या कुटुंबीयांनी केला आहे.

दावा. मी त्या शब्दाकडे बघत बसले. वर्गात आम्हाला हेच शिकवतात, जे आपण डोळ्यांनी पाहिलं नाही ते दुसऱ्याच्या तोंडी घाला. म्हणजे ते बरोबरच वागले होते. पण पळाला हे कुणीही न बघता छापताना त्यांना दावा लागला नव्हता. मला इतका राग आला की पेपर चुरगाळून टाकावासा वाटला, पण पप्पांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. त्यांना तेवढ्यानेही बरं वाटलं होतं. छापून आलंय म्हणाले, आता जाऊ.

रविवारी आम्ही गेलो. ते घर तळोज्याच्या बाजूच्या एका जुन्या गावात होतं, कौलारू घराला लागून नवीन स्लॅबचं बांधकाम. दारात मयताचा मोठा भाऊ आला. त्याने आत या म्हटलं नाही, पण अंगावरही आला नाही. पप्पांनी हात जोडले आणि पेपरची घडी पुढे केली. काय बोलायचं ते त्यांनी घरी दहा वेळा घोकलं होतं, पण तिथे नेमकं सगळं विसरले. मग घाईघाईने माझ्याकडे बोट केलं, आणि आवाजात तेवढ्या वेळातही थोडा अभिमान होता. ही माझी पोरगी, म्हणाले, पत्रकारिता शिकते.

मला त्या क्षणीच कळलं की हे बोलायला नको होतं. भावाने चार ओळी सावकाश वाचल्या. माझ्याकडे बघितलं, पुन्हा पेपरकडे बघितलं, आणि घडी होती तशी परत घातली.

"मंग हिनंच छापून आनला असंल," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "आमाला पन समजतं."

आत कुणीतरी बाई विचारत होती, कोण आलंय. कोणी नाय, असं त्याने मागे वळून सांगितलं आणि दार लोटून घेतलं. पप्पा अजून बोलायच्या तयारीत उभे होते. नव्या गाडीचं सांगायचं राहिलं होतं, शर्ट धरला होता ते सांगायचं राहिलं होतं. मी त्यांच्या दंडाला धरून त्यांना रस्त्यावर आणलं.

परतीची बस बराच वेळ आली नाही. मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत होते, त्या बातमीदाराला, पेपरला, सरांच्या धड्याला, मला स्वतःला. मी हा अभ्यास करत नसते तर कदाचित त्या घरात पप्पांवर विश्वास बसला असता. हा विचार मला अजूनही झोंबतो.

बस लांबून दिसली तेव्हा पप्पा बोलले. चिडून नव्हे, आज जेवायला काय आहे असं विचारावं तसं.

"पुढल्या टायमाला मी पळनार," ते म्हणाले. "उतरनारच न्हाय खाली."

असं बोलू नका, असं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. पण का बोलू नका, ते मला सांगता येईना. थांबून त्यांना काय मिळालं ते मी बघितलं होतं. बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली आणि मी पुढे उभी राहिले.

आता पप्पा पुन्हा गाडीवर आहेत. केस चालू आहे, तारखा पडतात. माझं शेवटचं वर्ष आहे आणि सर अजून रोज एक बातमी विचारतात. कळंबोली, तळोजा, एक्सप्रेसवे, कुठेही ट्रेलरचा अपघात दिसला की मी तो उभ्या उभ्या वाचते, आणि चालक पसार या ओळीपाशी येऊन आधी पप्पांना फोन लावते. ते उचलेपर्यंत मी स्वतःला सांगत असते की हे पप्पा नसणार. पूर्वी यापुढे मी आणखी एक वाक्य छातीठोकपणे म्हटलं असतं, की माझे पप्पा पळणारच नाहीत. ते वाक्य आता मला म्हणता येत नाही.