टकलावरचा पैलवान

एका खुर्चीच्या सलूनचा मालक असलेल्या त्या न्हाव्याला बेटावरचा सगळा बाजार 'रेडिओ' म्हणायचा. एकदा सुरू झाला की बंद व्हायचं नाव नाही. फक्त बायकोचा थोरला भाऊ, दादासाहेब, खुर्चीत बसला की त्याची बोलती बंद. दादासाहेब निवृत्त हेडमास्तर. डोक्यावर केस नावालाच, पण तेवढे कापून होईपर्यंत बहिणीच्या नवऱ्याला उपदेशाचे डोस पाजायचे.

सलूनच्या आरशावर नखाएवढा एक कोळी राहायचा. जाळं विणायचं नाही, नुसत्या उड्या मारायच्या. आरशात स्वतःलाच बघून तो पुढचे पाय उगारायचा, डावी-उजवीकडे नाचायचा. रेडिओ त्याला पैलवान म्हणायचा.

त्या दिवशी दादासाहेब रंगात आले होते. तेवढ्यात पाठीला पिशवी लावलेली एक बाई पत्ता विचारायला आत आली आणि आरशाकडे बघून जागच्या जागी थिजली.

"अगं बाई, हा तर नर!"

"कोण, मी?" दादासाहेब दचकले.

"तुम्ही नाही हो, कोळी! मी कोळ्यांचाच अभ्यास करते. ही प्रजाती फक्त असल्या बेटांवर असते. आजवर माद्याच सापडल्यात."

पैलवानाने झेप घेतली ती थेट दादासाहेबांच्या टकलावर. बाईने ब्रशचा काचेचा ग्लास रिकामा केला आणि त्याच्यावर पालथा घातला.

"काका, हलू नका. बोलूही नका, टाळू हलते."

बाई कॅमेऱ्याची जुळवाजुळव करू लागली. दादासाहेब डोक्यावर ग्लास घेऊन गप्प. रेडिओला हे खरंच वाटेना. मग त्याने तोंड उघडलं. लग्नात बसायला दिलेली मोडकी खुर्ची, पाहुणचाराच्या नावाखाली उपसायला लावलेली टाकी, सगळं घडाघडा बोलून टाकलं. दादासाहेबांचे डोळे गरगरत होते, पण टाळू तसूभर हलली नाही.

अखेर बाईने ग्लासाखाली पुठ्ठा सरकवला आणि पैलवानाला घेऊन ती हसत निघून गेली. टकलावर लालबुंद वर्तुळ तेवढं उरलं.

आता आपली चांगलीच कानउघाडणी होणार, असं रेडिओला वाटलं. पण वर्तमानपत्रात टकलावरच्या पैलवानाचा फोटो छापून आला आणि दादासाहेब ते काखेत मारून बाजारभर फिरायला लागले.

"एवढा मोठा शोध," ते ज्याला त्याला सांगायचे, "माझ्या डोक्यातून निघाला!"

"डोक्यावरून, दादासाहेब," सलूनच्या दारातून रेडिओ ओरडायचा. "डोक्यावरून!"