नक्कल बंद करणारा
सातवीतून शाळा सोडून मी सोलापूरहून गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये आलो. गेटवर धानाच्या गाड्या आत घ्यायचं काम होतं. एकदा गोदामातल्या मालापेक्षा कॉम्प्युटरमध्ये एक गाडी जास्त निघाली. सेठ म्हणाले, ती मीच परस्पर बाहेर सोडली.

कॉम्प्युटरचा प्रोग्राम तपासायला देवरीकडचा एक माणूस आला. खर्रा चघळत, स्क्रीनला नाक लावून बसला. मी दारात उभा.

"काऊन घाबरून राहिला बे? बस न."

मग त्यानं दाखवलं. पावती छापताना प्रोग्राम गाडीच्या नोंदीची नक्कल काढायचा, आणि नक्कलही गाडी म्हणून मोजली जायची. त्यानं ती नक्कल काढणंच बंद केलं.

"आता कोनी प्रोग्राममंदी नक्कल काढाचं लिहाले गेला, त प्रोग्राम बनतच नाही, चालनं त दूरच."

मी पाया पडायला वाकलो. त्यानं पाय मागे घेतले. "रायू दे. तुह्या जागी दुसरा उभा कराले सेठले काही अडचन नाही."

सेठ मला म्हणाले, "तू चोर नहीं, मान लिया. पर गेट पे दूसरा आदमी तो रख लिया."

त्या माणसाच्या कृपेनं नावाला चोरीचा डाग लागला नाही, म्हणून पुढच्या मिलमध्ये गेटवर काम मिळालं. माझ्या आधी तिथं कोण उभा होता, ते मी विचारलं नाही.