कोरड्या कालव्याचे पाटकरी

आमचे मामा कालव्यावर पाटकरी होते. म्हणजे कुणाच्या शेताला किती पाणी सोडायचं हे ठरवणारे. नोकरीत उणीव एकच, पाणी नव्हतं. पाटबंधारे खात्याने घाईघाईत आधी कालवा खणला आणि मग धरण बांधायचं राहून गेलं. पुढे खातं कालव्यालाही विसरलं. मामांचा पगार तेवढा कुणाच्या तरी सवयीने येत राहिला.

मामांचा तोरा मात्र भरल्या कालव्याचा. रोज खाकी चढवून पाणी सोडायच्या लोखंडी दरवाजाच्या चाकाला ग्रीस लावायचे, दरवाजा वर घ्यायचे, पलीकडचं गवत न्याहाळायचे आणि दरवाजा पुन्हा खाली सोडायचे. कालव्यात कुणी शेळी बांधली, लाकडं रचली, की हे काठी आपटत हजर. "हे अतिक्रमण आहे. उचला." लोक हसायचे आणि उचलायचे. म्हाताऱ्याच्या तोंडी कोण लागणार?

माफी होती ती एकाच अतिक्रमणाला. त्यांच्या मुलीचं, आमच्या ताईचं, लग्न झालं तेव्हा जावयाकडे वीतभर जमीन नव्हती. मामा म्हणाले, "कालव्यात बांधा. माझ्या हद्दीत कोण बोलतंय?" तळ सपाट, दोन बाजूंच्या भिंती आयत्या. ताईने तिथे दोन खोल्यांत संसार थाटला.

यंदा खात्याला कालवा आठवला आणि साहेबांचं पाहणीला येणं ठरलं. ताई आदल्या दिवशी बापाला समजावून गेली. "बाबा, कालवा मोडीत निघालाय एवढंच सांगा. म्हणजे घर वाचेल. नाहीतर पाडतील." मामांनी मान डोलावली.

साहेब भला माणूस निघाला. गाडीतून उतरतानाच म्हणाले, "काका, इथे आता कालवा वगैरे काही राहिलेला नाही, असंच ना?" नुसतं हो म्हणायचं होतं. मी मामांच्या वतीने मनातल्या मनात दहादा म्हणून टाकलं.

मामांची कानशिलं तापली. "राहिला नाही कसा? चला, दाखवतो."

मग काय विचारता. दरवाजाचं चाक एका बोटाने फिरवून दाखवलं. भिंतीतला दगडन् दगड दाखवला. साहेब जांभया देत होते. मी मामांचा सदरा ओढला, त्यांनी माझा हात झटकला. वळणावर ताईचं घर आलं. मामा थांबले, काठी आपटली आणि जन्माच्या सवयीने बोलून गेले, "हे अतिक्रमण आहे."

"कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

ताई दारात उभी होती. ती म्हणाली, "यांच्या मुलीचं."

साहेबांनी तरीही वाट काढली. "राहू द्या हो, काका. पाणी येतंय कुठे? कालवा बंद पडलाय असं कळवतो. चालेल ना?"

मामांनी ताईकडे पाहिलं. मला त्यांची कीव आली आणि तितकाच संतापही. मग त्यांनी टोपी सरळ केली.

"पाणी आलं तर अडेल, साहेब."

ताई आत गेली आणि एकेक भांडं बाहेर आणून ठेवू लागली.