हळदीचा वाफा

अमरावतीच्या पेठेत कापसाला सोन्याचा भाव आला, त्या साली मी मळ्यातली हळद अन् अद्रक दोन्ही उपटून सरकी पेरली. बायको म्हणाली होती, एक वाफा तरी ठेवा. मी ठेवला नाही.

तिला हळद लागायची. कापूस वेचताना बोंडाची वाळकी टोकं बोटं फाडतात, थंडीत भेगा पडतात. ती हळकुंड कुटून जवसाच्या तेलात कढवायची अन् कोमट असताना चोळायची. चार दिवसांत कातडं मऊ पडायचं. गजकर्णावर मात्र गुण येत नव्हता, खोटं कशाला लिहू. एकदा मी शहाणपणा केला. हळदीनं एवढं होते तर अद्रकानं लवकर होईल, म्हणून त्याचा रस माझ्याच भेगांवर चोळला. हात पाण्यात घालून बसलो. ती हसत सुटली.

"अवो, अद्रक पोटात, हयद कातड्यावर. उलटं काहून करून राहिले?"

मग अद्रक-गुळाचं पाणी पाजलं.

हळद उपटल्यावर दोन पावसाळे गेले अन् पौषात ती तापानं गेली. सवाष्ण गेली, म्हणून बायांनी तिच्या अंगाला लावायला हळद मागितली. घरात एक हळकुंड नव्हतं. शेजारणीनं वाटीभर आणून दिली. जिनं आळीला हळद पुरवली, ती उसन्या हळदीनं गेली. हे मी केलं.

ज्येष्ठात अकोल्याहून बेणं आणलं अन् विहिरीजवळची जागा मोकळी केली. पोरगा आडवा आला. म्हणे, बाबा, तिथं दोन बोजे कापूस होते, काहून जागा अडवता?

"मंग सोनं चोळ तुह्या बायकोच्या हाताले," मी म्हटलं.

तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मी एकटाच निंदत राहिलो.

पुढच्या माघात हळद काढली, शिजवली, वाळवली, माझ्या हातानं कुटली. तेल कढवताना पहिल्यांदा करपलं, ते फेकलं, दुसऱ्यांदा जमलं. सुनेच्या हाताला सासऱ्यानं हात लावायचा नसतो, म्हणून वाटी उंबऱ्यावर ठेवली अन् बाहेर जाऊन बसलो. तिसऱ्या दिवशी वाटी रिकामी होऊन उंबऱ्यावरच आली.

"मामाजी, अजून असन तं द्या," ती आतून म्हणाली. "ह्यांच्या टाचाबी फुटल्या."

पोरगा दारातच उभा होता. त्यानं पाय मागं घेतले.

औंदा दोन वाफे केले, दुसऱ्यात अद्रक. मोटेचं पहिलं पाणी तिकडं जाते, मग कापसाला.