मोजे विणणाऱ्या बाई

कोलोरॅडोतल्या आमच्या छोट्या गावात गांजा ओढणाऱ्यांचा एक खासगी क्लब आहे. बायको गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून मी बिचकतच त्याचा सभासद झालो. आत सोफ्यावर सत्तरीच्या एक अमेरिकन बाई मोजे विणत होत्या. मला घुटमळताना पाहून त्यांनी लोकरीचा गुंडा उचलून शेजारी जागा केली.

"मी ओढत नाही, नुसता बसायला आलोय," मी म्हणालो.

"मीसुद्धा," त्या हसल्या. "चर्चमध्ये बोलता येत नाही आणि बारमध्ये ऐकू येत नाही."

मग मी बायकोबद्दल बोलतच सुटलो. त्या विणता विणता ऐकत होत्या, तिच्या गमतींवर मध्येच खळखळून हसत होत्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, आवाज बसलाय! त्या क्लबात जाऊन स्मोक केलंत ना?"

"नाही गं," मी म्हणालो, "खूप बोललो."