उन्हाळी वर्ग, चौदा मुलं आणि मी

बालवर्गातल्या बाईला किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. ते अंगाला चिकटून घरी येतात. दुपारी घरी येऊन मी पदर झटकला की चार चिंचोके पडतात, खडूचा तुकडा पडतो, कुणाच्या तरी सदऱ्याचं बटण पडतं आणि त्यामागोमाग एखादी गोष्टही पडते. नगरात मी ज्या काकूंकडे राहते, त्या म्हणतात, "आधी गोष्ट सांग, मग केरसुणी घे." गेल्या उन्हाळ्यात तर इतकं साचलं की काकूंना पुरून उरलं. म्हणून आता तुम्हाला सांगते.

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, कारण ते फार वेळ लपत नाही. सायकलची घंटी वाजली तरी मी दचकते. सायकल समोरून येताना दिसत असली तरी. बी.ए.ला माझा विषय मानसशास्त्र. लहान मुलांची भीती कशी घालवावी, या प्रश्नाला मला चांगले मार्क पडले होते. मोठ्यांच्या भीतीचा धडा परीक्षेला नव्हता.

* * *

मुलाखतीलाच घोटाळा झाला. बालवर्ग चालवणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी मला पाणी दिलं आणि पहिला प्रश्न विचारला. तेवढ्यात खिडकीबाहेर टांग्याचा घोडा फुरफुरला, आणि पेला त्यांच्या कागदांवर आडवा झाला.

मोठ्या बाईंनी एकेक कागद उचलून उन्हात वाळत घातला. मग विचारलं, "मुलांसमोरही असंच होईल का?"

"प्रयत्न करीन," मी म्हणाले. कसला प्रयत्न, ते मलाही कळलं नाही.

"हे बघा, पाच आठवडे उन्हाळी वर्ग घ्या. चौदा नावं आलीत. पण मे महिना आहे. मुलं आजोळी जातात, लग्नांना जातात. मागच्या वर्षी शेवटच्या दिवशी तीन होती, त्यातला एक आमच्या गयाबाईंचा नातू. तो डबा द्यायला आला होता."

गयाबाई म्हणजे वर्गातल्या मदतनीस. त्या दारात उभ्या राहून मान डोलावत होत्या.

"शेवटच्या दिवशी निम्मी मुलं टिकली, तर जूनपासून तुम्ही कायम. नाही टिकली तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

दुसरी बाई आली असती तर मला नेवाशाला परत जावं लागलं असतं. तिथं आमच्या देव्हाऱ्यात श्रीरामपूरच्या एका मुलाची पत्रिका येऊन पडली होती. मुलगा वाईट नसेलही. पण मला शिकवायचं होतं. वडील मला एस.टी.त बसवताना एवढंच म्हणाले होते, "जून लागेपर्यंत बघू."

म्हणजे चौदातली सात. मी रोज रात्री देवाला आकडा सांगून झोपायची.

* * *

नगरला लष्कराची छावणी आहे आणि गावाबाहेर तोफांचा सराव चालतो, हे मला ऐकून माहीत होतं. ऐकून माहीत असणं आणि ऐकणं यात फरक असतो.

पहिल्या दिवशी मी सशाची गोष्ट सांगत होते. ससा बिळातून डोकं बाहेर काढतो, इथपर्यंत आले आणि धाड्‌ करून आवाज झाला. खिडकीची तावदानं थरथरली. मी डोळे उघडले तेव्हा टेबलाखाली होते, आणि चौदा मुलं वाकून माझ्याकडे बघत होती. एकही घाबरलेलं नव्हतं. नगरची मुलं ती, आवाजानं त्यांच्या हातातला घाससुद्धा थांबत नाही.

शकील नावाचा पाच वर्षांचा मुलगा पुढं आला. टांगेवाल्याचा मुलगा, घोड्यांची सवय असलेला. त्यानं बिचकलेल्या घोड्याशी बोलावं तसं हळू आवाजात मला सांगितलं, "बाई, ते आपलेच आहेत."

त्याच्या आदल्या हिवाळ्यात लढाई झाली होती, तेव्हाचं सगळं शिक्षण त्याच्या डोक्यात ताजं होतं. "भोंगा वाजला तर लपायचं. भोंगा नाही वाजला तर गोष्ट सांगायची."

हात धरून त्यानं मला बाहेर काढलं. दिगू म्हणून एक कारकुनाचा मुलगा होता. तो अजून खाली वाकूनच बसलेला. तिथूनच म्हणाला, "ससा पण परत आत गेला का?"

* * *

मुलांना फिरायला न्यायचं म्हणजे मला घाम फुटायचा. एखादं हरवलं तर? मग मी एक युक्ती काढली. विहिरीचा जुना दोर आणला, त्याला चौदा गाठी मारल्या. प्रत्येकानं आपली गाठ धरायची आणि सोडायची नाही. पुढं मी, मागं गयाबाई. आम्ही कापडबाजारातून निघालो की दुकानदार गादीवरून म्हणायचे, "चला, बाईंची मालगाडी आली. सिग्नल द्या."

एकदा या मालगाडीनं रसवंतीवर जायचं ठरवलं. घुंगरं वाजत होती, बैलाऐवजी मालक स्वतःच चरक फिरवत होते. मी बाकावर बसलेली मुलं मोजली. तेरा. पुन्हा मोजली. तेरा. उलटीकडून मोजली, तरी तेराच.

मी रस्त्यावर धावले, पानवाल्याला विचारलं, शिंप्याला विचारलं, एका सायकलवाल्याला थांबवून त्याच्या कॅरिअरकडे बघितलं. परत आले तेव्हा मी रडायच्या बेतात होते.

गयाबाई शांतपणे रस पीत होत्या. "बाई," त्या म्हणाल्या, "मोजनी बराबर हाय. कडंवरची धरा."

चप्पल चावते म्हणून मीना नावाच्या चिमुरडीला मी सकाळपासून कडेवरच घेतलं होतं. बाजारभर तिला शोधताना मी तिला घेऊनच पळत होते. आणि तिनं तेवढ्यात माझ्या हातातला रसाचा पेला अर्धा संपवला होता.

* * *

कैऱ्या आल्या तशी आम्ही वर्गात पन्हं केलं. उकडलेल्या कैरीचा गर मुलांनी हातानं कालवला. निम्मा पातेल्यात गेला, निम्मा कोपरापर्यंत. गूळ मी घातला. मीठ कोण घालणार यावर भांडण झालं. भांडण म्हटलं की मला धडधडायला लागतं, म्हणून मी म्हणाले, "प्रत्येकानं एकेक चिमूट."

चिमटीचं माप पाच वर्षांच्या हाताला कळत नाही, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

नेमक्या त्याच वेळी मोठ्या बाई आल्या. मुलांनी त्यांना पहिला पेला दिला. आम्ही सगळे बघत राहिलो. मोठ्या बाईंनी एक घोट घेतला, थांबल्या, आणि मग पूर्ण पेला संपवला. पदरानं ओठ टिपून मला विचारलं, "मीठ कुणी घातलं?"

"सगळ्यांनी मिळून," मी म्हणाले.

"हं. लोकशाही आहे खरी," त्या म्हणाल्या. "जरा खारट आहे." आणि जाता जाता गयाबाईंना म्हणाल्या, "माझ्याकडं पाण्याचा तांब्या पाठवा. तांब्या नको, कळशी पाठवा."

* * *

सगळ्यात मजा आली ती छबूच्या मळ्यात. छबू सहा वर्षांची, वर्गातली सगळ्यात मोठी. तिच्या आजोबांचा मळा भिंगारच्या पलीकडं. त्यांनी आपण होऊन बैलगाडी पाठवली, खाली गवत अंथरून. मुलं तासभर नुसती ओरडत होती. मी एका हातानं गाडी आणि दुसऱ्या हातानं सापडेल ते पोर धरून बसले होते.

त्या साली विहिरींनी एप्रिलातच तळ दाखवला होता. विहिरीत डोकावले आणि मी आजोबांना म्हणाले, "राहू द्या, मुलं सावलीत खेळतील."

"तसं कसं," आजोबा म्हणाले. "रानाला काल दिलं. आजचं पानी पोरांचं. पाव घंटा इंजन चालतंय, तेवढ्यात बुडवून काढा समद्यांस्नी."

इंजिन सुरू झालं आणि मी शेजारच्या माणसाचा दंड घट्ट धरला. बघते तर ते छबूचे आजोबाच. मी लाजून हात सोडला.

"धरा, धरा," ते म्हणाले. "आमची म्हातारी बी पयल्या वक्ताला अशीच बिलगल्ती."

पाइपातून पाणी हौदात कोसळायला लागलं. चौदा मुलं चड्ड्यांवर आत. त्यांनी मला ओढलं, मीही साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरले. डोक्यावर ऊन, पायांना गार पाणी, तोंडावर मुलांनी उडवलेले शिंतोडे. त्या पाव तासात मी एकदाही मुलं मोजली नाहीत. नंतर लक्षात आलं तेव्हा स्वतःचंच नवल वाटलं.

आणि तेवढ्यात एक बेडूक माझ्या ओच्यावर येऊन बसला.

मी कशी किंचाळले ते छबूचे आजोबा अजून लोकांना करून दाखवतात म्हणे. हौदाच्या काठावर मी एका उडीत चढले. बेडूकही घाबरून कोपऱ्यात जाऊन बसला. दिगूनं त्याला ओंजळीत उचललं, कडेला नेलं आणि ओल्या गवतात ठेवताना समजावलं, "घाबरू नकोस रे. आमच्या बाई काही करत नाहीत."

* * *

चौथा आठवडा लागला आणि मी काळजीनं अर्धी झाले. लग्नसराई जोरात होती. रोज सकाळी वाटायचं, आज गळती सुरू होणार. पण हजेरी चौदाच. पंचवीस तारखेला चौदा, सव्वीसला चौदा. मोठ्या बाईंनी दोनदा रजिस्टर मागवून घेतलं. मी खोटी हजेरी लावते की काय, असं त्यांना वाटलं असावं. कारण तिसऱ्यांदा त्या स्वतःच दारात येऊन मोजून गेल्या.

मग आया येऊन तक्रारी करायला लागल्या. शकीलची अम्मी म्हणाली, तिच्या भावाचं लग्न होतं, तर हा वऱ्हाडात न जाता आजीपाशी राहिला. दिगूची आई तर चिडलीच होती. "अहो, राहुरीला याच्या मामांची आमराई आहे. मामा न्यायला आले, दोन दिवस राहिले आणि एकटे परत गेले. काल अंगात कणकण होती तरी म्हणतो, आज मला गेलंच पाहिजे. काय जादू केलीत तुम्ही?"

"जादू कसली," मी म्हणाले. पण आतून फुलले. त्या रात्री मी मानसशास्त्राची वही काढली आणि 'मुलांना वर्गाची गोडी कशी लागते' यावर चार मुद्दे लिहून ठेवले. मातीकाम, गाणी, सहली, प्रेमळ वागणूक. मोठ्या बाईंनी विचारलं तर उत्तर तयार असावं.

* * *

शेवटचा दिवस उजाडला. मी साडेसहालाच जाऊन बसले. साडेसातपर्यंत चौदाच्या चौदा आली. गयाबाईंचा नातू धरला तर पंधरा.

मोठ्या बाई रजिस्टर घेऊन आल्या आणि मुलांच्या छोट्या खुर्चीवर बसल्या. मी चार मुद्दे मनात घोकत उभी. पण त्यांनी मला काही विचारलंच नाही. त्या मुलांकडं वळल्या.

"काय रे दिगू, आमराई सोडून इथं राहिलास. इथं एवढं काय आवडलं?"

दिगू गोंधळला. "आवडलं म्हणून नाही," तो म्हणाला. "माझी पाळी होती."

"कसली पाळी?"

"बाईंची."

मोठ्या बाईंनी माझ्याकडं बघितलं. मला काहीच माहीत नव्हतं. मी नुसती मान हलवली.

मग शकील उठून उभा राहिला, कारण पाळ्या त्यानंच लावल्या होत्या. "बाई लई दचकतात," तो म्हणाला. "म्हणून रोज दोघांनी त्यांच्याजवळ बसायचं. एकानं हात धरायचा, दुसऱ्यानं पाल-बिल आली तर हाकलायची. सोमवारी मी आणि मीना. मंगळवारी दिगू आणि छबू. कुणी गावाला गेलं तर पाळी मोडते."

"आणि लग्न असलं तर?"

"लग्नात पुष्कळ माणसं असतात," शकील म्हणाला. "बाई एकट्याच असतात."

माझे चार मुद्दे कुठल्या कुठं गेले. मला वाटलं, संपलं. आज दुपारच्या गाडीनं नेवासा. मी खाली फरशीकडं बघत होते. तेवढ्यात कुणाचा तरी चिकट हात माझ्या हातात आला. शनिवार होता, कुणाची पाळी होती कोण जाणे.

मोठ्या बाईंनी नेहमीच्या कोरड्या आवाजात विचारलं, "बरं, आज उन्हाळी वर्ग संपला. जूनपासून खरी शाळा. मग या पाळ्या आता बंद करायच्या ना?"

मुलांनी डोक्याला डोकी लावली. खूप वेळ कुजबुज चालली. शेवटी छबू पुढं आली, सगळ्यात मोठी म्हणून.

"बंद कशापायी? जूनमदी बी येतो आमी," ती म्हणाली. "बाई अजून तयार न्हाई झाल्या. एक वरीस तरी लागंल."

मोठ्या बाईंनी रजिस्टर जवळ ओढलं आणि पेनाचं टोपण काढलं. "एक पुरेल?" त्यांनी छबूला विचारलं.

छबूनं मला वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं.

"दोन धरा," ती म्हणाली.